वारली नक्षीचे डूल : मानांकन आहे, मग कलाकाराला काय?

डूल, कुर्ते, लोगो... सगळीकडे तारपा नाच दिसतो. त्याचे मूळ डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर आहे. तिथे गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सुवासिनी लग्नचौक ‘लिहितात’. वर्तुळ, त्रिकोण, चौकोन एवढेच आकार. टोकाला टोक जोडलेले दोन त्रिकोण म्हणजे माणसाचे धड.

गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी १९७०च्या दशकात ही कला कागदावर आणली. बारीक रेषांनी विणलेले मासेमारीचे जाळे ही त्यांची खास शैली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

२०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले. पण त्याने संरक्षण मिळते ते नावाला; त्रिकोणाच्या माणसावर मालकी मिळत नाही. म्हणून नक्षी कारखान्यात छापली, तर पाड्यावरच्या कलाकाराच्या हाती काहीच पडत नाही.

डूल घेताना एवढेच विचारा : हे लिहिले कोणी?