ब्रिटिशकालीन चित्रपटगृहे : वास्तू राहिली, पडद्याचे काय?

दिल्लीतील करोल बाग मेट्रो स्थानकातून निघाल्यावर तिसरे स्थानक राजीव चौक, म्हणजेच कॅनॉट प्लेस. या दोन भागांचे नाते मात्र मेट्रोपेक्षा बरेच जुने आहे. नव्या राजधानीची बाजारपेठ उभारण्यासाठी माधोगंज, जयसिंगपुरा आणि राजा का बाजार या वस्त्या हटविण्यात आल्या. तेथील रहिवाशांना पश्चिमेकडील खडकाळ, झाडाझुडपांच्या करोल बागेत वसविण्यात आले. मोकळ्या झालेल्या जागेवर १९२९ ते १९३३ या काळात रॉबर्ट टॉर रसेल यांच्या आराखड्यानुसार वर्तुळाकार कॅनॉट प्लेस उभे राहिले. रीगल, प्लाझा, ओडियन आणि रिव्होली ही चित्रपटगृहे याच परिसरातील.

या पिढीतील चित्रपटगृहे आता नव्वदीच्या आसपास पोहोचली आहेत. त्यांचे खांब आणि कमानी वारसा म्हणून जपल्या जातात. परंतु ज्या कामासाठी त्या उभारल्या गेल्या, ते काम टिकविण्याची हमी कोणताही नियम देत नाही. जतनाच्या प्रश्नाचे मूळ येथेच आहे.

रीगलची कथा

कॅनॉट प्लेसमधील रीगल १९३२ मध्ये सुरू झाले. नवी दिल्लीच्या उभारणीतील प्रमुख कंत्राटदार सर सोभा सिंग यांनी ते बांधले, तर वास्तुरचना वॉल्टर साइक्स जॉर्ज यांची होती. एकाच इमारतीत प्रेक्षागृह, दुकाने आणि उपाहारगृहे अशी त्याची मांडणी होती. आरंभीच्या काळात येथे नाटकेही होत असत. प्लाझाची रचना स्वतः रसेल यांनी केली.

त्या काळातील चित्रपटगृहांच्या रचनेमागे सौंदर्यदृष्टीबरोबरच सुरक्षेचाही विचार होता. तेव्हाची नायट्रेटची फिल्म अत्यंत ज्वालाग्राही असे. भारतात १९१८ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यान्वये चित्रपटगृहांना परवाना सक्तीचा करण्यात आला आणि प्रेक्षकांची सुरक्षितता ही त्यातील एक प्रमुख अट होती. प्रेक्षागृहापासून वेगळी, आगीला तोंड देणारी प्रोजेक्टरची खोली ही याच गरजेतून आलेली व्यवस्था होय.

दूरदर्शन, व्हिडिओ आणि त्यानंतर मल्टिप्लेक्स आल्यावर एकपडदा चित्रपटगृहांचे अर्थकारण कोलमडले. अनेक राज्यांनी मल्टिप्लेक्सना करमणूक करात सवलती दिल्या. शहराच्या मध्यवर्ती भागातील जमिनीचे भावही तिकिटांच्या उत्पन्नाच्या कितीतरी पुढे गेले. मार्च २०१७ च्या अखेरीस रीगलमधील प्रदर्शन थांबले. निरोपाच्या दिवशी राज कपूर यांचे ‘मेरा नाम जोकर’ आणि ‘संगम’ हे चित्रपट दाखविण्यात आले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये या इमारतीत मादाम तुसाँचे मेणपुतळ्यांचे संग्रहालय सुरू झाले. २०२० मध्ये तेही बंद पडले आणि २०२२ मध्ये नोएडात नव्याने उघडले.

मुंबईचा अनुभव

मुंबईत १९९५ मध्येच वारसा वास्तूंसाठी स्वतंत्र नियमावली लागू झाली. कुलाब्याजवळील रीगल १९३३ मधील. त्याचे वास्तुकार चार्ल्स स्टीव्हन्स हे व्हिक्टोरिया टर्मिनस साकारणारे एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचे पुत्र. चर्चगेटसमोरील इरॉस हे शोराबजी भेडवार यांच्या रचनेतून १९३८ मध्ये उभे राहिले. ३० जून २०१८ रोजी युनेस्कोने मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको वास्तुसमूहाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यात या दोन्ही चित्रपटगृहांचा समावेश आहे.

तथापि, हा मान मिळाला तेव्हा इरॉसचा पडदा बंद होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये तेथे आयमॅक्स पडदा सुरू झाला. पूर्वी एक हजाराहून अधिक आसने असलेल्या या वास्तूतील नव्या प्रेक्षागृहात सुमारे तीनशे आसने ठेवण्यात आली. बाह्यरूप कायम राहिले, आतील अवकाश बदलला.

गिरगावनजीकच्या रॉयल ऑपेरा हाउसचा मार्ग वेगळा ठरला. १९११ मध्ये पंचम जॉर्ज यांच्या हस्ते उद्घाटन झालेले हे नाट्यगृह पुढे चित्रपटगृह बनले आणि १९९३ मध्ये बंद पडले. वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली त्याचा जीर्णोद्धार होऊन ऑक्टोबर २०१६ मध्ये ते पुन्हा खुले झाले. २०१७ मध्ये या कामाला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार लाभला. येथे भिंतींसोबत रंगमंचही जिवंत झाला.

जपायचे नेमके काय?

हा पेच केवळ भारतापुरता नाही. लंडनच्या टूटिंग भागातील ग्रॅनाडा हे १९३१ चे चित्रपटगृह १९७३ मध्ये बंद झाले आणि १९७६ पासून तेथे बिंगोचा खेळ सुरू झाला. पुढे २००० मध्ये त्याला ब्रिटनमधील सर्वोच्च, म्हणजे पहिल्या श्रेणीचे संरक्षण मिळाले. चित्रपटगृहाच्या वास्तूला असा दर्जा मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. नव्या वापरामुळे इमारत वाचली, पण पडदा परतला नाही.

यावरून तीन पर्याय समोर येतात. वापर बदलून वास्तू राखणे, प्रेक्षागृह लहान करून चित्रपट चालू ठेवणे, अथवा मूळ रूपासह प्रयोग पुन्हा सुरू करणे. तिसरा पर्याय सर्वांत खर्चिक आहे. परंतु वारसा म्हणजे केवळ दर्शनी भाग नव्हे, हे त्यातूनच सिद्ध होते. श्रेणी ठरविताना वास्तूच्या वापराचीही नोंद घेतली गेली आणि तो चालू ठेवणाऱ्या मालकांना करसवलत मिळाली, तर अशा वास्तूंचे दिवे पुढील पिढीसाठीही मालवतील आणि पडदा उजळेल.