गादी कोरडी, तर कोंबडी बरी
पावसाळ्याआधी खुराड्यातल्या तुसाकडे लक्ष द्या



आपल्या बऱ्याच ताईंनी गटातून कर्ज घेऊन गिरीराज, वनराजची पिल्लं आणली आहेत. खाद्य, लस, विक्री यावर बैठकीत आपण पुष्कळ बोलतो. पण कोंबडी ज्याच्यावर बसते, झोपते, त्या तुसाबद्दल कुणी फारसं विचारत नाही. मग पाऊस लागला की तक्रारी सुरू होतात. "पिल्लं पंख पाडून बसली", "रक्ताची संडास होते", "शेडमध्ये डोळे झोंबतात". अशा वेळी रोग कुठून आला ते आपण बाहेर शोधतो, पण पुष्कळदा तो पायाखालच्या ओल्या तुसातच वाढलेला असतो. आणि पिल्लं मेली तरी कर्जाचा हप्ता काही थांबत नाही.

गादीचं खरं काम

गादी म्हणजे नुसतं अंथरूण नाही. मोठी कोंबडी दिवसाला साधारण १०० ग्रॅम ओली विष्ठा टाकते. त्यात चारपैकी तीन हिस्से पाणीच असतं. म्हणजे ५० कोंबड्या दिवसभर शेडमध्येच असतील, तर रोज ५ किलो विष्ठा आणि त्यातून पावणेचार लिटर पाणी जमिनीवर पडतं. हे पाणी शोषून हवेत सोडायचं काम गादी करते. ती कोरडी आणि भुसभुशीत असेल तर विष्ठा तिच्यात मिसळून हळूहळू कुजते, घाण वास येत नाही. ती ओली होऊन थापली गेली की दोन त्रास होतात.

पहिला त्रास अमोनिया वायूचा. त्याने कोंबड्यांचे डोळे पाणावतात, सर्दी-खोकला होतो, वाढ खुंटते. आपण उभ्याने आत गेलो तर वास कमी जाणवतो. म्हणून कोंबडीच्या उंचीला खाली बसून वास घ्या. तिथे नाक-डोळे चुरचुरले, तर कोंबडी ते रात्रंदिवस सोसते आहे असं समजा.

दुसरा त्रास रक्ती हगवणीचा. या रोगाच्या जंतूंची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात. ओल आणि ऊब मिळाली की एक-दोन दिवसांत ती रोग करण्याजोगी होतात. पिल्लं तेच तूस टोचतात आणि रोग पसरतो. ३ ते ६ आठवड्यांच्या पिल्लांना धोका जास्त. कोरड्या गादीत ही अंडी तितकी पिकत नाहीत.

गादी कशी घालायची?

आपल्या धानाच्या भागात राईस मिलचं तूस सहज मिळतं. ते चांगलं चालतं. लाकडाचा भुसाही चालतो, पण फार बारीक नको, पिल्लं खातात. बुरशी लागलेलं, कुबट वासाचं काहीही घालू नका.

पिल्लं येण्याआधी जमीन झाडून, कोरडी करून २ इंच तूस पसरा. पहिले दोन-तीन दिवस वर कागद अंथरा, म्हणजे पिल्लं तूस सोडून खाद्य खायला शिकतील. पिल्लं वाढतील तसा थर वाढवा. पावसाळ्यात आणि थंडीत तो ४ ते ६ इंच ठेवा. उन्हाळ्यात कमी चालतो.

शेडची जमीन अंगणापेक्षा फूटभर उंच हवी, नाहीतर खालून ओल चढते. दिवसभर आत राहणाऱ्या मोठ्या कोंबडीला २ चौरस फूट जागा धरा. गर्दी केली तर कितीही तूस घाला, गादी ओलीच राहणार. पावसाचे शिंतोडे अडवायला पोती लावतो, तेव्हा वरची वीतभर जागा उघडी सोडा. सगळीकडून बंद केलं की आतली ओल आतच कोंडते.

मूठ दाबून बघा

गादीतलं मूठभर तूस घ्या आणि घट्ट दाबून हात उघडा.

- गोळा तसाच राहिला: गादी ओली आहे, आजच काम करा.
- किंचित चिकटून लगेच सुटलं: गादी बरोबर आहे.
- नुसती धूळ उडाली: गादी फार कोरडी आहे. त्या धुळीनेही कोंबडीला त्रास होतो.

ओल बहुतेक वेळा पाण्याच्या भांड्याभोवतीच सुरू होते. भांडं विटेवर, कोंबडीच्या पाठीच्या उंचीला ठेवा आणि त्याची जागा अधूनमधून बदला. तिथलं ओलं तूस रोज काढून कोरडं घाला.

चुन्याबद्दल पुष्कळ ताई विचारतात. विझवलेला चुना ओल शोषतो. पण अमोनियाचा वास आधीच येत असेल तर चुन्याने तो वायू आणखी जोरात सुटतो. म्हणून आधी ओला थर बाहेर काढा, हवा खेळू द्या. मग कोंबड्या बाहेर असताना थोडा चुना भुरभुरून दाताळ्याने मिसळा.

आजारी गादी वेगळी

कोंबड्या विकल्यावर गादी बाहेर काढून नवी घाला. अंड्यांच्या कोंबड्यांची गादी नीट राखली तर वर्षभरही चालते. मात्र आजाराने कोंबड्या मेल्या असतील तर ती गादी पुन्हा वापरू नका आणि कुणाला विकूही नका. पशुसखीला सांगा, जनावरांच्या दवाखान्यात कळवा.

हे खत कुणाचं?

चांगली गादी शेवटी खत होते. त्यात शेणखतापेक्षा नत्र जास्त असतं. ते ताजं घातलं तर रोपं करपतात, म्हणून दोन-तीन महिने ढीग घालून कुजवा.

एक गोष्ट आवर्जून सांगते. हे खत घरच्या शेतात जातं, तेव्हा त्याचा हिशोब कुठेच लागत नाही. तूस आणणारी, चाळवणारी, ढीग घालणारी आपणच असतो. म्हणून किती पोती निघाली आणि बाजारभावाने त्याची किंमत किती, ते हिशोबवहीत "उत्पन्न" म्हणून लिहा. विकलं असो वा घरी वापरलं असो. तेव्हाच धंद्यात खरं काय सुटलं ते कळेल, आपल्याला आणि घरच्यांनाही.

भिंतीवर लावायला

रोज: पाण्याच्या भांड्याजवळचं तूस बघा, ओलं असेल तर बदला.
आठवड्यातून दोनदा: गादी खालीवर करा. पावसाची झड असेल तर रोज. नाका-तोंडाला रुमाल बांधा, नंतर साबणाने हात धुवा.
आठवड्यातून एकदा: मूठ दाबून बघा, खाली बसून वास घ्या.
पावसाआधी: कोरडं तूस पोत्यांत भरून, छताखाली फळीवर ठेवा. गटाने मिळून एक ट्रॉली आणली तर भाडं वाटून जातं.

पुढच्या बैठकीला येण्याआधी आपापल्या खुराड्यात मूठ दाबून बघा. कुणाचा गोळा झाला, कुणाचा सुटला, ते बैठकीत सांगायचं आहे.

– तुमची क्षेत्र समन्वयक