चार चमचे पाणी

२४ तासांत ६५ मिलिमीटर. महाराष्ट्रातल्या एखाद्या महसूल मंडळात एवढा पाऊस नोंदला गेला की तिथे अतिवृष्टी झाली असे सरकारदरबारी धरतात आणि पिकांच्या पंचनाम्यांना वाट मिळते. हा आकडा ज्या भांड्यातून येतो ते नीट पाहण्यासारखे आहे. साधा पर्जन्यमापक म्हणजे फायबरग्लासचे नळकांडे, वर धातूच्या कडेचे नरसाळे आणि आत पाणी साठवणारी बाटली. तोंड २०० चौरस सेंटीमीटरचे असेल तर एक मिलिमीटर पावसाचे पाणी भरते २० मिलिलिटर, म्हणजे चहाचे चार चमचे. चौसष्ट आणि पासष्ट यांच्यात अंतर आहे ते एवढेच. रोज सकाळी साडेआठला हे पाणी मोजपात्रात ओतायचे, पात्र डोळ्यांच्या रेषेत धरायचे आणि काचेला चिकटून वर चढलेली कड सोडून मधल्या खोलगट भागाची रेघ वाचायची. नरसाळ्यात अडकलेले पान किंवा शेजारी वाढलेला निलगिरी चार चमचे सहज गिळतो. म्हणूनच झाड वा भिंत जितकी उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर मापक असावा असा दंडक आहे. आपल्या भागातल्या पावसाचा अंदाज किती भरवशाचा ठरेल, हे संगणकाइतकेच या भांड्याच्या निगेवरही अवलंबून आहे, असे माझे ठाम मत आहे. ती निगा मात्र आपण फार स्वस्त समजतो.

अंदाजाचा इतिहास पाहिला तरी हेच दिसते. १८७५ साली भारतीय हवामान खाते स्थापन झाले आणि १८८६ मध्ये हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातल्या बर्फावरून मॉन्सूनचा पहिला अधिकृत हंगामी अंदाज दिला. पुढे गिल्बर्ट वॉकर यांनी जगभरच्या वायुदाब, तापमान आणि पावसाच्या जुन्या नोंदी ताडून पाहिल्या. आज एल निनोच्या जोडीने सांगितले जाणारे ‘सदर्न ऑसिलेशन’ त्या वह्यांमधूनच हाती लागले. वॉकर यांनी देशाचे वेगळे विभाग पाडून आकडेमोड केली, कारण एका आकड्यात सारा देश मावत नव्हता. खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आले (शिवाजीनगरचा सिमला ऑफिस चौक त्याचीच खूण) आणि पुणे मॉन्सूनच्या अभ्यासाचे गाव झाले. वसंत गोवारीकरांच्या पुढाकाराने १९८८ पासून वापरात आलेले सोळा घटकांचे प्रारूप २००२ च्या दुष्काळात चुकले. त्या वर्षी देशात सरासरीच्या ८१ टक्केच पाऊस झाला. पण ते प्रारूप अगदी अचूक ठरले असते, तरी सातारा जिल्ह्यातल्या माणमधल्या शेतकऱ्याला पेरणी कधी करावी हे त्यातून कळले नसते.

हवामान खात्याच्या नकाशात महाराष्ट्राचे चार उपविभाग आहेत. त्यांतल्या मध्य महाराष्ट्रात महाबळेश्वरही येते, वाईही येते आणि माणही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. घाट उतरून तीसेक किलोमीटरवरच्या वाईत तो हजाराच्याही आत येतो आणि त्याच सातारा जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, माणमध्ये, पाचशेच्या आसपास. उपविभागाचा पाऊस सरासरीच्या १९ टक्के वर-खाली असला तरी ‘सामान्य’च म्हणायचा. त्या एका शब्दाखाली कुणाची दुबार पेरणी दडली असेल, हे नकाशा सांगत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला ७३. फक्त कुलाब्याचा मापक असता, तर तो दिवस कागदोपत्री पावसाळ्यातला एक बऱ्यापैकी ओला दिवस ठरला असता.

यावर कुणी म्हणेल, उपग्रह आणि रडार असताना भांड्यांचा आग्रह कशाला? उपग्रह थेट पाऊस मोजत नाही. ढगमाथ्याच्या तापमानासारख्या खुणांवरून तो अनुमान काढतो. सह्याद्रीत पुष्कळदा कमी उंचीचे, उबदार माथ्याचे ढगच भरपूर बरसतात आणि तिथे हे अनुमान तोकडे पडते. रडारच्या लहरी डोंगरांना अडतात आणि परतलेल्या लहरींचे मिलिमीटरमध्ये रूपांतर करताना ताळा पाहायला शेवटी जमिनीवरचा मापकच लागतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आजचा अंदाज वारे, दाब आणि बाष्प यांच्या गणितावर चालतो, कालच्या पावसाच्या बेरजेवर नाही. हे खरेच आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत घडलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ मे २०२५ मध्ये कार्यान्वित झाली. आधीच्या १२ किलोमीटरऐवजी ती ६ किलोमीटरच्या चौकटीत हवामान पाहते आणि हे मोठेच काम आहे. पण प्रारूप घाटमाथ्यावर पाऊस सतत जास्त दाखवते की कमी, हे ठरवायचे कशावरून? त्या चौकटीत मापक नसेल, तर चूक दुरुस्त होणे दूरच, ती लक्षातही येणार नाही.

राहिला प्रश्न स्वयंचलित केंद्रांचा. ‘महावेध’ प्रकल्पाने २०१७ पासून राज्यात मंडळनिहाय दोन हजारांहून अधिक केंद्रे उभी केली. ती नसती तर मंडळाच्या पातळीवर बोलताच आले नसते, आणि हवामानावर आधारित फळपीक विम्यालाही अशाच नोंदी लागतात. तरी हिशेब मांडून पाहावा. राज्याचे क्षेत्रफळ केंद्रांत वाटले तर एका केंद्राच्या वाट्याला दीडशे चौरस किलोमीटरच्या आसपास जमीन येते, म्हणजे २०० चौरस सेंटीमीटरच्या तोंडाच्या साडेसातशे कोटी पट. मंडळाच्या एका शिवारात ओढा फुटतो आणि केंद्राच्या गावात नुसती भुरभुर असते, अशी तक्रार शेतकरी करतात तेव्हा ती रास्त असू शकते. शिवाय या केंद्रांत बहुधा असते ती कलंडणारी वाटी: ठरावीक पाणी भरले की एका बाजूला कलते, रिकामी होते आणि एक ठोका नोंदवते. मुसळधार पावसात वाटी कलंडत असतानाच वरून पाणी येत राहते आणि मोजणी कमी भरते. नरसाळे धुळीने किंवा पाखराच्या काटक्यांनी तुंबले, तर पाऊस कोसळत असतानाही यंत्र शून्यच पाठवते.

म्हणून दर केंद्रामागे पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यात जाळी साफ करणारा, वाटीची पातळी तपासणारा माणूस हवा आणि गावोगावी साधे मापक हवेत, ग्रामपंचायतीत किंवा शाळेच्या आवारात. आकडा लिहिणाऱ्याला त्याचा मोबदलाही मिळावा. खंडाच्या दिवसांत तर ही नोंद अधिकच काळजीने व्हायला हवी. बाटली कोरडी असली की वहीत शून्य लिहायचे. जागा मोकळी सोडायची नाही, कारण मोकळ्या जागेवरून पुढे कुणालाच कळत नाही, त्या दिवशी पाऊस आला नाही की पाहायला माणूस.