डॉक्टरांच्या लेखणीला हलकासा धक्का

समजा, थंडीच्या दिवसांत तुमचा घसा धरला, नाक वाहू लागले, अंगात कणकण आली. आईने तुम्हाला डॉक्टरांकडे नेले. त्यांनी नीट तपासले आणि सांगितले, "साधी सर्दी आहे. मिठाच्या कोमट पाण्याने गुळण्या करा, विश्रांती घ्या. आपोआप बरे वाटेल." बाहेर पडल्यावर आई काय म्हणेल, सांगा पाहू! "एवढी फी घेतली आणि एक गोळीसुद्धा दिली नाही!" मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो, पण असा विचार माझ्याही मनात येऊन गेला आहे, हे कबूल केलेले बरे.

आपल्या मनातले हे डॉक्टरांना कळत असते. खरी अडचण तिथूनच सुरू होते.

सर्दी होते विषाणूंमुळे. पेनिसिलिनसारखी प्रतिजैविके, म्हणजे आपण ज्यांना अँटिबायोटिक म्हणतो ती औषधे, चालतात जिवाणूंवर. पेनिसिलिन जिवाणूची पेशीभित्ती नीट बांधू देत नाही. विषाणूला पेशीभित्तीच नाही, मग औषध अडवणार काय? उलट आपल्या शरीरातल्या जिवाणूंपैकी जे चिवट असतात ते तेवढे वाचतात आणि फोफावतात. पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ सालच्या आपल्या नोबेल व्याख्यानातच हा धोका सांगून ठेवला होता. औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली, असा अंदाज आहे.

हे डॉक्टरांना ठाऊक नसते काय? चांगले ठाऊक असते! पण बाहेर रोगी ताटकळलेले, समोरची आई काळजीत. समजावून सांगायला दहा मिनिटे लागतात, औषध लिहायला दहा सेकंद. अमेरिकेतील नोंदी तपासल्या, तेव्हा असे दिसले की कामाची पाळी जसजशी पुढे सरकते, तसतशी श्वसनाच्या विकारांसाठी प्रतिजैविके अधिक लिहिली जातात. थकलेले मनही उताराकडे घरंगळते म्हणायचे!

मग आणखी व्याख्याने देऊन काय साधणार? तुमच्या वर्गाचे दार बिजागरीजवळ ढकलून पाहा. आता तेच दार कडेला, कडीजवळ, एका बोटाने ढकला. बल थोडे, पण जागा योग्य. रिचर्ड थेलर आणि कॅस सनस्टाइन यांनी २००८ साली माणसांच्या निर्णयांविषयी असेच काहीसे मांडले आणि त्याला 'नज' म्हटले. सक्ती नाही, दंड नाही. निर्णयाच्या क्षणी कोपराने हलकेच ढोसायचे, एवढेच. (मराठीत 'कोपरखळी' म्हणावे, तर तिला टोमण्याचा वास येतो. आपण 'हलका धक्का' म्हणू.) थेलर यांना २०१७ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

लॉस एंजेलिसमधील पाच दवाखान्यांत १४ चिकित्सकांवर एक प्रयोग झाला. तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या चिकित्सकांच्या तपासणीच्या खोलीत एक मोठे पत्र लावले : गरज नसताना आम्ही प्रतिजैविके देणार नाही. त्याखाली त्या चिकित्सकाची सही आणि शेजारी त्याचेच छायाचित्र! बारा आठवडे ते पत्र भिंतीवर होते. कोणाच्या खोलीत ते लावायचे, हे जणू चिठ्ठ्या टाकून ठरवले होते.

आता आकडे पाहा, आणि जरा सावकाश पाहा. पत्र लावलेल्या गटात गैरवाजवी प्रतिजैविकांचे प्रमाण सुमारे ४३ टक्क्यांवरून ३४ टक्क्यांवर आले. म्हणजे घट नऊची? थांबा. पत्र नसलेल्या गटात त्याच काळात हे प्रमाण सुमारे ४४ वरून ५३ वर चढले होते! पत्र नसते, तर पहिला गटही बहुधा असाच चढला असता. तेव्हा पत्राचा खरा परिणाम जवळजवळ वीस टक्क्यांचा आहे. तुलनागट ठेवला नसता, तर निम्मा परिणाम आपल्या नजरेतून निसटला असता. प्रयोगवहीत 'तुलनेसाठी दुसरी नळी' लिहायचा कंटाळा करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

इंग्लंडमध्ये निराळा धक्का दिला गेला. आपापल्या भागात सर्वांत जास्त प्रतिजैविके लिहिणारे सुमारे १,६०० दवाखाने निवडले. त्यांतील निम्म्यांना २०१४ च्या शरद ऋतूत देशाच्या मुख्य वैद्यकीय अधिकारी सॅली डेव्हिस यांच्या सहीचे पत्र गेले. आशय असा, की तुमच्या भागातील ८० टक्के दवाखाने तुमच्यापेक्षा दरडोई कमी प्रतिजैविके देतात. सहा महिन्यांत फरक पडला ३.३ टक्क्यांचा. थोडा वाटतो ना? पण तेवढ्यात ७३ हजारांहून अधिक वेळा प्रतिजैविक लिहिणे टळले, आणि खर्च काय, तर टपालाचा!

त्याच प्रयोगाचा दुसरा भाग मला अधिक बोलका वाटतो. काही दवाखान्यांत रोग्यांसाठी माहितीपत्रके आणि भित्तिपत्रके ठेवली होती. त्यांचा म्हणण्यासारखा परिणाम दिसला नाही.

पुढे बॉस्टन व लॉस एंजेलिस येथील दवाखान्यांत आणखी धक्के तपासले गेले. एका गटाला संगणक विचारी : हे प्रतिजैविक का देता, ते लिहा. लिहिलेले कारण रोग्याच्या कागदपत्रांत सर्वांना दिसे. दुसऱ्या गटातील डॉक्टरांना दरमहा कळवले जाई, की तुम्ही उत्तम काम करणाऱ्यांत आहात किंवा नाही. दोन्ही गटांत अनावश्यक प्रतिजैविके खूपच कमी झाली. अठरा महिन्यांनी हे सारे बंद केले आणि पुढचे वर्षभर नोंदी पाहिल्या. दोन्ही गटांचे आकडे पुन्हा वर सरकू लागले होते. 'कारण लिहा' या गटाचा आकडा तुलनागटाच्या जवळ येऊन पोहोचला. दरमहा कळवले जाणारा गट मात्र वर्ष उलटले तरी तुलनागटाच्या बराच खाली होता.