जनुकसंशोधन आणि अचौर्यव्रत

मानवी जनुकांवरील आजवरचे बहुतेक संशोधन युरोपीय वंशाच्या लोकांवर आधारलेले आहे. त्यामुळे त्यावरून बांधलेले रोगांचे अंदाज भारतीयांना तितके लागू पडत नाहीत. ही उणीव भरून काढण्यासाठी केंद्र सरकारच्या ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पात देशातील विविध समाजांतील सुमारे १०,००० व्यक्तींचे जनुकक्रम नोंदवले गेले. ९ जानेवारी २०२५ रोजी ही माहिती संशोधकांसाठी उपलब्ध झाली.

लोणंद-फलटण परिसरातील आपल्यासारख्या, पिढ्यानपिढ्या आपसांतच सोयरीक करणाऱ्या लहान समाजांना याचे विशेष महत्त्व आहे. अशा समाजांत एखादा दुर्मीळ आनुवंशिक दोष वारंवार आढळू शकतो. तो वेळीच कळल्यास उपाय योजता येतो. परंतु धोकाही येथेच आहे. महानगरात नाव वगळले की ओळख बुजते. मोजक्या घरांच्या समाजात ती उरतेच. शिवाय एकाने दिलेल्या रक्तात भावंडांचीही माहिती असते.

माहिती मूळ संस्थेतच ठेवून तेथेच तिचे विश्लेषण करायचे आणि केवळ निष्कर्ष बाहेर आणायचा, असे तंत्र आता विकसित होत आहे. तथापि संमतीची जागा कोणतेही यंत्र घेऊ शकत नाही. न दिलेले घेणे हे अदत्तादान होय, असे आपले अचौर्यव्रत सांगते. म्हणून संशोधनासाठी रक्त देण्यापूर्वी प्रत्येकाने विचारावे: हे कशासाठी, कोणाकडे राहणार आणि त्याचे फळ आमच्यापर्यंत पोहोचणार काय?