रुग्णालयातील मृत्यूनंतर : पंचनाम्यापासून ग्राहक आयोगापर्यंत

बेंगळुरू : बेळगाव, कोल्हापूर, सांगली या भागांतून गुंतागुंतीच्या उपचारांसाठी बेंगळुरूला येणारी मराठी कुटुंबे नवी नाहीत. उपचारांदरम्यान रुग्ण दगावला आणि काही चुकल्याचा संशय आला, तर अशा कुटुंबापुढे पहिला प्रश्न न्यायाचा नसतो. पाच-सहाशे किलोमीटरवरच्या गावी पार्थिव केव्हा पोहोचेल, हा असतो. पुढील कायदेशीर लढ्याचा पाया मात्र नेमका याच काही तासांत घातला जातो किंवा कायमचा निसटतो.

मृत्यूच्या कारणाविषयी शंका असल्यास रुग्णालय ज्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत आहे तेथे लेखी तक्रार देऊन शवविच्छेदनाची मागणी करावी लागते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरी सुरक्षा संहितेच्या कलम 194 नुसार संशयास्पद मृत्यूची खबर मिळताच पोलीस अधिकाऱ्याने कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना कळवून, परिसरातील किमान दोन प्रतिष्ठित रहिवाशांसमक्ष मृत्यूचा पंचनामा करायचा असतो. मुंबईत हे काम एकेकाळी कोरोनर पाहत असे. ते पद 1999 मध्ये रद्द झाले. या पंचनाम्याकडून अवाजवी अपेक्षा ठेवू नये. मृत्यूचे प्रथमदर्शनी कारण काय, एवढेच त्यात पाहिले जाते. दोषी कोण, हे त्यात ठरत नाही. तरीही शवविच्छेदन न होता अंत्यसंस्कार झाले, तर मृत्यूचे कारण सिद्ध करण्याचा सर्वांत भक्कम पुरावा नाहीसा होतो आणि कुटुंबाला केवळ कागदपत्रांवर विसंबावे लागते.

ही कागदपत्रे मिळवणे हा रुग्णाचा हक्क आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमांनुसार मागणी केल्यापासून 72 तासांच्या आत उपचारांच्या नोंदी द्याव्या लागतात आणि उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे त्या जपून ठेवाव्या लागतात. केवळ डिस्चार्ज कार्डवर समाधान मानू नये. संमतिपत्रे, भूलतज्ज्ञाच्या नोंदी, परिचारिकांचे तक्ते, तपासण्यांचे अहवाल यांच्या प्रतींची लेखी मागणी करून पोच घेणे श्रेयस्कर. बिल थकले म्हणून पार्थिव अडवून ठेवण्याला कर्नाटकात कायद्याचा आधार नाही. राज्याच्या खासगी वैद्यकीय आस्थापना कायद्यात 2017 मध्ये झालेल्या दुरुस्तीने त्यास मनाई केली. बेळगावच्या अधिवेशनावेळी खासगी डॉक्टरांनी याच दुरुस्तीविरोधात संप केला होता. डॉक्टरांना तुरुंगवासाची मूळ तरतूद त्यानंतर वगळण्यात आली, परंतु जिल्हास्तरीय तक्रार निवारण प्राधिकरण कायम राहिले.

फौजदारी मार्ग अनेकांना प्रथम आठवतो, पण तो सर्वांत अरुंद आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 नुसार निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. वैद्यकीय प्रक्रिया करणाऱ्या नोंदणीकृत डॉक्टरसाठी मात्र ती मर्यादा दोन वर्षांची आहे. जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये स्पष्ट केले, की फौजदारी दायित्वासाठी निष्काळजीपणा घोर स्वरूपाचा असावा लागतो आणि पोलिसांनी डॉक्टरवर कारवाईपूर्वी स्वतंत्र, शक्यतो सरकारी सेवेतील तज्ज्ञाचे मत घ्यावे. निदान चुकले किंवा उपचार यशस्वी झाला नाही, एवढ्याने निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. कर्नाटक वैद्यकीय परिषद डॉक्टरची नोंदणी निलंबित करू शकते, भरपाई देऊ शकत नाही.

भरपाईसाठी ग्राहक आयोग हाच सर्वसामान्यांना परवडणारा मार्ग. 1995 च्या निकालाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत आली. 2019 च्या कायद्यातील एक तरतूद परगावाहून येणाऱ्यांसाठी विशेष मोलाची आहे : तक्रारदार जेथे राहतो किंवा नोकरी करतो, तेथील जिल्हा आयोगातही तक्रार दाखल करता येते. म्हणजे बेंगळुरूतील उपचारांविषयीचा दावा कोल्हापुरात चालू शकतो. रुग्णालयाला दिलेली रक्कम 50 लाखांपर्यंत असल्यास जिल्हा आयोग, दोन कोटींपर्यंत राज्य आयोग आणि त्यापुढे राष्ट्रीय आयोग. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही. वकील नेमण्याची सक्ती नाही. मुदत मात्र दोन वर्षांची आहे, आणि पोलीस तपासाच्या निष्कर्षाची वाट पाहण्यात ती निघून जाऊ शकते.

हा मार्ग किती लांब असू शकतो, याची साक्ष एका निकालात आहे. हैदराबादच्या निझाम वैद्यकीय विज्ञान संस्थेत 1990 मध्ये वीस वर्षांच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्याच्या छातीतील गाठीवर शस्त्रक्रिया झाली आणि त्याच्या पायांतील शक्ती कायमची गेली. संमती तपासणीपुरती गाठीचा तुकडा काढण्यास होती; गाठ काढण्यास नव्हती. मज्जारज्जूला धोका असूनही मेंदूशल्यतज्ज्ञाला सोबत घेतले गेले नव्हते. राष्ट्रीय आयोगाने 1999 मध्ये सुमारे साडेपंधरा लाख रुपये मंजूर केले. पुढे बेंगळुरूच्या माहिती तंत्रज्ञान क्षेत्रात नोकरी करणाऱ्या या तरुणाने सर्वोच्च न्यायालयात चाकांच्या खुर्चीवरून स्वतःच युक्तिवाद केला. मे 2009 मध्ये न्यायालयाने भरपाई एक कोटी रुपये केली आणि त्यावर सहा टक्के व्याज दिले. शस्त्रक्रियेला तोवर 18 वर्षे उलटली होती.

आर्थिक दुर्बलांप्रमाणेच महिला, बालके, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि अपंग यांना विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 नुसार मोफत वकील मिळू शकतो. महिलांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, ही बाब पतीच्या किंवा अपत्याच्या मृत्यूनंतर लढणाऱ्या अनेकींना ठाऊक नसते. मदतवाहिनी 15100 आहे. ग्राहक मदतवाहिनी 1915.

सर्वांना मोफत उपचार देणाऱ्या सरकारी रुग्णालयांबाबत ग्राहक आयोगाचे दार बंद असते, आणि गरिबांची अडचण नेमकी येथेच आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये बळ्ळारी येथील सरकारी रुग्णालयात सिझेरियननंतर महिलांचे मृत्यू झाले, तेव्हा सलाईनच्या दर्जावर संशय व्यक्त झाला आणि राज्य सरकारने औषध नियंत्रकाला निलंबित केले. अशा प्रकरणी शासनाने जाहीर केलेल्या मदतीपलीकडे भरपाई हवी असल्यास दिवाणी न्यायालय किंवा उच्च न्यायालयातील रिट याचिका हे पर्याय उरतात. औरंगाबादच्या शासकीय रुग्णालयात 1963 मध्ये शस्त्रक्रियेवेळी पोटात कापड राहून दगावलेल्या महिलेच्या कुटुंबाने दिवाणी न्यायालयाचा मार्ग धरला होता. त्यांच्या बाजूचा 36 हजार रुपयांचा हुकूमनामा सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये पूर्ववत केला.