आवाज झाला म्हणजे हाड बसलं का?

इंदुरात कुणाची कंबर धरली की घरातली वडीलधारी माणसं अजूनही पैलवानाचं नाव काढतात. होळकरांच्या काळापासून हे तालमींचं शहर. तालमीत आयुष्य घालवलेल्या वस्तादाला डावपेचांबरोबर आणखी एक विद्या येतेच, असं सगळे धरून चालतात. निखळलेला खांदा चढवायचा, मुरगळलेला पाय चोळायचा, उसण भरलेली पाठ मोकळी करायची. मराठी घरांत तर त्याच्याही आधीचा एक उपाय असे. पायाळू, म्हणजे जन्मताना पायाकडून बाहेर आलेला माणूस शोधायचा आणि त्याचा पाय दुखऱ्या कमरेला लावून घ्यायचा.

नातवंडांच्या मोबाइलवर मात्र दुसराच वस्ताद असतो. रुग्ण टेबलावर झोपलेला, मणक्याजवळ छोटा मायक्रोफोन, हनुवटीखाली अडकवलेला पट्टा, मग एक झटका आणि कडकन आवाज. रुग्ण हसत उठतो. या पद्धतीला कायरोप्रॅक्टिक म्हणतात आणि त्या नावाच्या पाट्या आता इंदुरातही दिसतात. सुपर कॉरिडॉरवरच्या कंपन्यांत दिवसभर खुर्चीत बसणारी मुलं आणि दुचाकीवरून घरोघरी जेवण पोचवणारी मुलं, दोघांच्याही पाठी तिशीच्या आतच बोलू लागल्या आहेत. तेव्हा त्या पाट्यांकडे पाय वळले तर नवल नाही.

पैलवान आणि कायरोप्रॅक्टर यांच्यात वरवर दिसतं त्याहून बरंच साम्य आहे. दोघांचंही काम हातांचं, दोघांकडूनही लगेच मोकळं वाटतं, आणि उठताना दोघंही बहुधा एकच वाक्य सांगतात : हाड सरकलं होतं, बसवलं. माझं भांडण या वाक्याशी आहे. हातांच्या कसबाशी नाही, कारण ते कसब खरं आहे आणि काही रुग्णांना त्याचा फायदाही होतो. पण आवाजाला पुरावा मानलं की माणूस तपासणी मागायचं विसरतो, आणि इजा होते ती तिथे.

मुळात तो आवाज हाडाचा नसतोच. मणक्यांच्या मागच्या बाजूला दोन्ही अंगांना छोटे सांधे असतात. बोटांच्या सांध्यांसारखंच त्यांच्यात थोडं वंगण असतं आणि त्या वंगणात वायू विरघळलेला असतो. सांधा झटक्यात ताणला की आतला दाब एकदम उतरतो आणि सोड्याची बाटली उघडल्यावर व्हावं तसा वायू वंगणातून सुटून पोकळी तयार होते. २०१५ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी बोट मोडतानाच एमआरआय काढून ही पोकळी तयार होताना टिपली. एकदा आवाज निघाला की त्याच सांध्यातून पुढची वीसेक मिनिटं तो पुन्हा काढता येत नाही, हे आपण सगळ्यांनीच बोटं मोडताना अनुभवलेलं असतं. बोटं मोडली की संधिवात होतो, ही आजीची धमकीही एका अमेरिकन डॉक्टरने तपासून पाहिली. डोनाल्ड उंगर यांनी साठाहून अधिक वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली आणि उजव्याची मोडली नाहीत. शेवटी दोन्ही हातांत काही फरक निघाला नाही.

म्हणजे आवाज निरुपद्रवी, पण तो काही बसल्याची खूणही नाही. खरोखर मणका पुढे सरकण्याचा एक विकार असतो. तो एक्स-रेमध्ये दिसतो आणि झटका देऊन मागे जात नाही. मग मोकळं का वाटतं? सांधा आणि भोवतालचे स्नायू ताणले गेल्याने मेंदूकडे जाणारे संदेश बदलतात, आखडून धरलेले स्नायू काही काळ सैल पडतात, असं आजचं स्पष्टीकरण आहे. एवढा आराम खरा. त्यासाठी हाड सरकल्याची गोष्ट रचायची गरज नाही.

ही गोष्ट रचली गेली ती अमेरिकेत. आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्ट गावात डॅनियल डेव्हिड पामर नावाचे गृहस्थ चुंबकशक्तीने उपचार करत. १८९५ मध्ये त्यांनी त्याच इमारतीत झाडलोट करणाऱ्या हार्वे लिलार्ड यांच्या पाठीचा एक उंचवटा दाबून बसवला आणि कमी ऐकू येणाऱ्या लिलार्डना पुन्हा ऐकू येऊ लागलं, असा दावा केला. कानाची नस पाठीतून जातच नाही, ही अडचण त्यांना थांबवू शकली नाही. शंभरातले पंच्याण्णव रोग मणके जागचे हलल्यामुळे होतात, असं ते पुढे सांगू लागले. १८९७ मध्ये त्यांनी शाळा काढली, १९०६ मध्ये परवान्याविना वैद्यकी केल्याबद्दल तुरुंगात गेले, आणि मुलगा बी. जे. पामर याने तो धंदा देशभर नेला. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने कायरोप्रॅक्टरांवर बहिष्कार टाकला. १९७६ मध्ये चेस्टर विल्क आणि इतर काही कायरोप्रॅक्टर कोर्टात गेले आणि १९८७ मध्ये निकाल डॉक्टरांच्या संघटनेविरुद्ध लागला. तो निकाल स्पर्धेच्या कायद्याखालचा होता. पंच्याण्णव टक्क्यांचा सिद्धान्त खरा की खोटा, यावर त्या न्यायालयाने शिक्का मारलेला नाही.

शिकलेल्या वैद्यकाने हाड बसवणाऱ्यांना नेहमी झिडकारलंच, असंही नाही. सुश्रुतसंहितेत सांधा निखळण्याचे सहा आणि हाड मोडण्याचे बारा प्रकार दिले आहेत. ओढणं, दाबणं, जागी आणणं, बांधणं हा उपचारांचा क्रमही दिला आहे. आजच्या अस्थिरोगतज्ज्ञालाही तो ओळखीचा वाटेल. लंडनचे नामवंत शल्यविशारद जेम्स पॅजेट यांनी १८६७ मध्ये आपल्या विद्यार्थ्यांसमोर एक अख्खं व्याख्यान दिलं, ते हाडवैद्य ज्या रुग्णांना बरं करतात त्यांच्याविषयी. आपल्याला न जमलेलं त्यांना का जमतं ते शिका आणि त्यांच्या हातून काय बिघडतं तेही पाहा, असा त्याचा रोख होता. दीडशे वर्षांनंतरही मला हीच भूमिका सर्वांत सुज्ञ वाटते.

आता पुराव्याकडे. नुकत्याच भरलेल्या उसणीवर झटक्याचे उपचार किती चालतात, याचा २०१७ मध्ये २६ चाचण्या एकत्र करून हिशेब मांडला गेला. सहा आठवड्यांपर्यंत दुखणं शंभराच्या मापावर सरासरी दहा अंकांनी कमी झालं. फरक आहे, पण माफक. उपचारानंतर अर्ध्याहून अधिक रुग्णांना ठणका किंवा ताठरपणा अशी किरकोळ तक्रार झाली, ती आपोआप गेली. जुनाट पाठदुखीसाठी २०१९ मध्ये ४७ चाचण्यांचा आढावा निघाला, त्यातही निष्कर्ष तसाच : व्यायाम आणि इतर मान्य उपचारांइतकाच गुण. अमेरिकन फिजिशियनांच्या संघटनेने २०१७ मध्ये पाठदुखीवर औषधांआधी शेक, मालिश, ॲक्युपंक्चर आणि मणक्यांवरचे हातांचे उपचार यांना जागा दिली. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांत हातांचे उपचार व्यायामाच्या जोडीनेच करावेत, एकटे नकोत, असं म्हटलं आहे. दमा, बाळाचा पोटशूळ, रक्तदाब, थायरॉइड यांवर मणका फिरवून उपाय होतो, असं कुणी सांगत असेल तर तिथून उठावं.

सर्वांत मोठी सावधगिरी मानेची. मानेच्या मणक्यांतल्या छिद्रांमधून मेंदूकडे जाणाऱ्या दोन रक्तवाहिन्या वर चढतात. जोरात पिळलेल्या मानेत क्वचित त्यांच्या आतलं अस्तर फाटतं, तिथे गुठळी होते आणि अर्धांगवायूचा झटका येऊ शकतो. असं घडणं दुर्मीळ आहे. पण समोरचा माणूस तिशीतला असेल आणि नुसती मान आखडली म्हणून आला असेल, तर दुर्मीळ धोकाही मोठाच धरायला हवा. यात कायरोप्रॅक्टर एकटा नाही. केस कापून झाल्यावर चंपीच्या शेवटी मान दोन्हीकडे मोडणारा केशकर्तनालयातला हातही त्यात आला. २०१७ मध्ये दिल्ली परिसरात अशीच मान मोडून घेतल्यावर एका मध्यमवयीन गृहस्थाच्या श्वासपटलाची नस निकामी झाली आणि त्यांना श्वास घेणं अवघड झालं. मान मोडून घेऊ नये, कुणाकडूनही. हनुवटीखाली पट्टा घालून डोकं ओढणारा झटका तर मुळीच नको.

पाठीच्या बाबतीत आपल्या देशात एक शंका कायम जागी ठेवावी लागते, ती क्षयाची. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत आणि क्षय मणक्यातही होतो. रात्री वाढणारी पाठदुखी, संध्याकाळचा बारीक ताप, उतरणारं वजन, दाबल्यावर एकाच मणक्यावर उठणारी कळ. अशी पाठ झटक्याखाली गेली तर पोखरलेला मणका ढासळून पाय लुळे पडू शकतात. पाळी गेलेल्या बायकांची ठिसूळ झालेली हाडं, पूर्वी झालेला कर्करोग, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, संधिवाताने सैल झालेली मान, या सगळ्यांतही तपासणीआधी झटका नको. आणि पाठदुखीबरोबर लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला, पाऊल उचलेनासं झालं, तर त्याच दिवशी इंदुरातलं एमवाय किंवा जवळचं मोठं रुग्णालय गाठावं. तिथे तासांचा प्रश्न असतो.

सांध्यांच्या दुखापतीत चुका वेगळ्या होतात. मूल ओट्यावरून पडतं, कोपर सुजतं आणि कुणीतरी गरम तेलाने जोरात चोळून देतं. कोपराच्या दुखापतीला चोळलं तर भोवतीच्या स्नायूत हाड तयार होऊ शकतं आणि हात कायमचा अर्धवट वळलेला राहू शकतो. मोडलेल्या हातावर बांबूच्या पट्ट्या आवळून बांधल्या तर रक्तपुरवठा बंद होऊन बोटं आकसतात. फोल्कमान या जर्मन शल्यविशारदाने १८८१ मध्ये त्याचं वर्णन केलं, पण आपल्याकडे अजून अशी मुलं दिसतात. बोटं थंड किंवा निळी पडली, बोट सरळ करताना मूल ओरडलं, तर पट्टी आधी सोडायची आणि मग रुग्णालयाकडे निघायचं. घोटा मुरगळला तर कॅनडातल्या ओटावात १९९२ मध्ये ठरवलेली एक सोपी कसोटी आहे. घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर दाबल्यावर दुखतं का, आणि चार पावलं टाकता येतात का? दुखत असेल किंवा चारही पावलं टाकता येत नसतील तर एक्स-रे काढावा. नाहीतर पहिले दोन दिवस बर्फ, आधाराची पट्टी आणि पाय उंचावर. चोळणं नाही. खांदा पहिल्यांदाच निखळला असेल तर एक्स-रेशिवाय कुणालाही ओढू देऊ नये, कारण सोबत हाड मोडलेलं असू शकतं.

भारतात कायरोप्रॅक्टरांसाठी वेगळी वैधानिक परिषद नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये या शिक्षणासाठी किमान चार वर्षं आणि ४२०० तासांची अपेक्षा घातली होती. परदेशात तसं शिकून आलेला माणूस आणि काही दिवसांच्या कार्यशाळेचं प्रमाणपत्र भिंतीवर लावलेला माणूस, दोघांच्याही पाटीवर एकच शब्द असतो. म्हणून विचारायला लाजू नये. कुठे शिकलात, किती वर्षं? त्याआधी पाहावं की समोरच्याने आपल्याला विचारलं का : ताप येतो का, वजन उतरलं का, कुठल्या गोळ्या चालू आहेत? हातपायांची ताकद आणि संवेदना तपासली का? काहीच न विचारता थेट टेबलाकडे बोट दाखवलं तर परत फिरावं. बैठकांची पॅकेजं आगाऊ पैसे घेऊन विकली जात असतील तरीही.

एमआरआयच्या अहवालानेही अनेकजण घाबरून या दारांत पोचतात. मणक्यांमधली गादी बाहेर आली आहे, असं वाचलं की माणूस वाकायलाच घाबरतो. ज्यांची पाठ कधीच दुखली नाही अशांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ मध्ये पाहिलं तेव्हा विशीतल्या ३० टक्के आणि ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांत गादी फुगलेली आढळली. वयाबरोबर केस पिकतात तसंच हे. बहुतेक नवी उसण काही आठवड्यांत आपोआप उतरते. अंथरुणाला खिळून राहिलं तर मात्र ती लांबते.

सियागंजात पाठीवर पोती वाहणाऱ्या हम्मालाला हे सांगून भागणार नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ मध्ये प्रौढ पुरुषाने उचलायच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो सुचवली. आपल्याकडे मात्र पिढ्यान्‌पिढ्या धान्याचं पोतं एक क्विंटलचं होतं. सरकारी खरेदीत ते आता ५० किलोवर आलं आहे. हम्मालाची पाठ वाचवायची तर मंडीच्या फडावर जाऊन बोलावं लागेल, दवाखान्यात नाही.

बाकीच्यांनी करायचं काम फुकटचं आहे. ऑस्ट्रेलियात ७०१ जणांवर झालेली एक चाचणी २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. हे सगळे नुकत्याच पाठदुखीतून उठलेले लोक होते. फिजिओथेरपिस्टने काही भेटींत ज्यांना चालण्याचा कार्यक्रम आखून दिला, त्यांच्यात पाठदुखी परतायला मध्यकानुसार २०८ दिवस लागले. ज्यांना काहीच दिलं नव्हतं त्यांच्यात ११२. कार्यक्रम असा : जमेल तेवढ्या अंतराने सुरुवात, दर आठवड्याला थोडी वाढ, सहा महिन्यांत आठवड्यातून पाच दिवस अर्ध्या तासापर्यंत. नेहरू पार्कात किंवा मेघदूत उद्यानात सकाळी फिरणाऱ्या मंडळींना तो नवा वाटणार नाही. ज्यांची कंबर नुकतीच सुटली आहे, त्यांनी मात्र तो लिहून घ्यावा आणि पहिल्या आठवड्यात दहा मिनिटांपासून सुरुवात करावी.